शाळेची श्रेणी नेमकी मोजतात कशी? (शाळासिद्धी, यू-डायस, पीजीआय)

गिरणाकाठ
राम राम मंडळी. शाळेच्या दर्शनी भिंतीवर ‘शाळासिद्धी – अ श्रेणी’ असं रंगवलेलं दिसतं. पेपरात मात्र आपल्या जिल्ह्याची शैक्षणिक श्रेणी अमुक पायरीवर अडकली, अशी बातमी असते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालक विचारतात, शाळा ‘अ’ आणि जिल्हा खाली, हे कसं? याचा हिशोब नीट मांडून सांगणारं कुणी आहे का? कोणता आकडा कुठून येतो, कोण भरतं, कुठे चुकतो, एवढं कळलं तरी पुष्कळ.

सातपुडा_पायथा
भाऊ, तुम्ही दोन वेगळ्या मापांबद्दल बोलताय. गोंधळाचं मूळ तिथंच आहे.

शाळासिद्धी एका शाळेचं मूल्यांकन करते. पीजीआय, म्हणजे कामगिरी प्रतवारी निर्देशांक, राज्याचा आणि जिल्ह्याचा असतो, त्यात तुमच्या शाळेला स्वतंत्र गुण नसतात. यू-डायस ही श्रेणीच नाही. ती शाळेने पोर्टलवर भरायची माहितीची नोंद आहे, पण बाकीच्यांचा बराच दाणागोटा तिथून जातो. चौथं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. त्यात निवडक शाळांतली निवडक मुलं परीक्षा देतात आणि निकाल जिल्ह्याच्या पातळीवर लागतो. २०२१ साली ते १२ नोव्हेंबरला तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी झालं. डिसेंबर २०२४ मध्ये ‘परख’ या नावाने तिसरी, सहावी आणि नववीसाठी झालं. तुमच्या गावची शाळा नमुन्यात आलीच नसेल, तर त्या निकालात तिचं एकही मूल नाही.

म्हणून पालकांनी श्रेणी विचारली की आधी विचारायचं, कोणती आणि कुणाची?

शहादा_ताई
शाळासिद्धीचं मी लिहिते.

हा कार्यक्रम केंद्राने नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू केला आणि त्याची चौकट दिल्लीच्या नीपा (राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन) संस्थेची आहे. एकूण ७ क्षेत्रं, ४६ मानकं. शाळेची सामर्थ्यस्रोतं १२, अध्ययन-अध्यापन आणि मूल्यमापन ९, विद्यार्थ्यांची प्रगती, संपादणूक व विकास ५, शिक्षकांची कामगिरी व व्यावसायिक विकास ६, नेतृत्व आणि व्यवस्थापन ४, समावेशन-आरोग्य-सुरक्षा ५, समाजाचा सहभाग ५.

प्रत्येक मानकाला स्तर १, २ किंवा ३. वरचा स्तर घ्यायचा तर खालच्या स्तराची वर्णनं आधी पूर्ण व्हायला हवीत. दोन स्तरांच्या मध्ये अडकलात तर खालचा लिहावा. घाईघाईत भरताना इथंच चूक होते. स्तर ३ मधलं एखादं वाक्य लागू पडलं की थेट ३ टाकला जातो, आणि स्तर २ मधली राहिलेली गोष्ट कुणी पाहत नाही.

पहिलं क्षेत्र वेगळं आहे. त्यातल्या बाराही मानकांना दोन-दोन स्तर द्यायचे असतात: एक उपलब्धता व पर्याप्ततेसाठी, दुसरा दर्जा व उपयुक्ततेसाठी. मैदान, वर्गखोल्या, वीज, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक, रॅम्प, पोषण आहाराचं स्वयंपाकघर व भांडी, पाणी, हात धुण्याची सोय, स्वच्छतागृह, शाळेचा परिसर. हात धुण्याचीच सोय घ्या. बारा तोट्यांचं चकचकीत हँडवॉश स्टेशन बांधलेलं आहे, म्हणून उपलब्धता ३. पण वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर जळालेली, मुलं डबा खाऊन बादलीत हात बुडवतात. उपयुक्तता १. दोन्हीकडे ३-३ लिहिलं की मोटरीची दुरुस्ती सुधारणा आराखड्यात येतच नाही. आराखड्याला तर तेच हवं असतं. प्रत्येक मानकापुढे सुधारणेचा प्राधान्यक्रम (कमी, मध्यम, जास्त) लिहायची जागा त्यासाठीच दिली आहे.

गिरणाकाठ
ताई, म्हणजे हे शाळाच स्वतः भरते? मग ‘अ’ कसा खरा मानायचा?

शहादा_ताई
आधी स्वयंमूल्यांकन, मग बाह्य मूल्यांकन. स्वयंमूल्यांकन मुख्याध्यापकांनी एकट्याने खोलीत बसून भरायचं नसतं. शिक्षक आणि समितीतले पालक सोबत हवेत. बाह्य मूल्यांकनाला दुसऱ्या ठिकाणचे प्रशिक्षित निर्धारक येतात. ते वर्गात बसून तास पाहतात, मुलांशी बोलतात, नोंदवह्या काढायला लावतात. भिंतीवरची श्रेणी वाचताना पहिला प्रश्न असा: ही स्वयंमूल्यांकनाची की बाह्य? दुसरा: कोणत्या वर्षाची? रंग पाच-सहा वर्षं टिकतो. तोवर मुख्याध्यापक बदललेले असतात, शिक्षक बदललेले असतात, पटही बदललेला असतो.

अमळनेरकर
ताईंच्या मुद्द्याला आकडेमोड जोडतो. मूळ चौकटीचा भर सुधारणेवर आहे, शाळांची एकमेकींशी चढाओढ लावण्यावर नाही. तरी लोक ४६ मानकांचे स्तर बेरजेत घेतात आणि टक्के काढतात. त्या टक्क्यांत काय लपतं ते पाहा.

४६ मानकं गुणिले ३, कमाल १३८. सगळ्या मानकांत सर्वांत खालचा स्तर असलेल्या शाळेलाही ४६ गुण मिळतात, म्हणजे ३३ टक्के. शून्य शक्यच नाही. त्यामुळे ५० टक्के ऐकून ‘निम्मं काम झालं’ असं समजू नका. ३३ ते १०० या पट्टीवर ५० म्हणजे पाव वाटच झाली.

आता दोन शाळा. पहिलीत ३० मानकं स्तर ३ वर, १० स्तर २ वर, ६ स्तर १ वर. बेरीज ९० + २० + ६ = ११६, म्हणजे ८४ टक्के. दुसरीत ६ मानकं स्तर ३ वर आणि ४० स्तर २ वर. १८ + ८० = ९८, म्हणजे ७१ टक्के. पहिली पुढे दिसते. पण तिची स्तर १ वरची सहाही मानकं अध्ययन-अध्यापनाच्या नऊपैकी असतील, तर इमारत, रॅम्प, मैदान, समिती सगळं झकास आणि वर्गात शिकवणं कच्चं, असा अर्थ निघतो. पालकाने मुलाला कुठे घालावं? माझं उत्तर दुसऱ्या शाळेत.

अजून एक. पहिल्या क्षेत्रात दुहेरी नोंद असते. कुणी त्या सगळ्या नोंदी सरळ बेरजेत घेतल्या तर एकूण ५८ नोंदी होतात आणि त्यातल्या २४ भौतिक सुविधांच्या, म्हणजे ४१ टक्के. मानकं मोजली तर तोच वाटा १२ भागिले ४६, म्हणजे २६ टक्के. मोजायची पद्धत बदलली की त्याच शाळेचं चित्र बदलतं. म्हणून टक्के बाजूला ठेवा आणि क्षेत्रनिहाय तक्ता मागा.

पांझरा_धुळे
यू-डायसचं मी घेतो, कारण खरी गळती तिथं होते.

शाळेचा यू-डायस क्रमांक ११ अंकी असतो: पहिले दोन राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे, शेवटचे दोन शाळेचे. महाराष्ट्र २७. त्यापुढे नंदुरबार ०१, धुळे ०२, जळगाव ०३. २७०३ ने सुरू होणारा क्रमांक दिसला की शाळा जळगाव जिल्ह्यातली. पोर्टलवर एका अंकाची चूक झाली की शेजारच्या पाड्यावरच्या शाळेची माहिती तुमची म्हणून वाचली जाते, तेव्हा पालकांना लेखी क्रमांक द्या.

नेहमीच्या चुका अशा. स्वच्छतागृहांच्या रकान्यात ‘एकूण’ आणि ‘वापरात असलेली’ असे दोन आकडे लागतात. एकूण २ लिहिलं आणि दुसरा रकाना रिकामा राहिला की वापरात शून्य धरलं जातं आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचा निर्देशक पडतो. याउलट कुलूप लावलेलं स्वच्छतागृह ‘वापरात’ दाखवणं हीही चूकच. वापरात म्हणजे आत पाणी आहे, वास कमी आहे, भांडं फुटकं नाही, निचरा चालू आहे, नियमित सफाई होते, मुलांना तिथं जाता येतं आणि दार बंद होतं. यातलं एक जरी नसलं तरी ते वापरात नाही. कडी तुटलेली असेल तर सातवीतली मुलगी तिकडे फिरकत नाही, ही साधी गोष्ट आहे.

हात धुण्याचेही दोन प्रश्न आहेत, एक स्वच्छतागृहाजवळच्या सोयीचा आणि एक पोषण आहाराच्या वेळच्या सोयीचा. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नये. विजेच्या बाबतीत जोडणी असणं आणि वीज चालू असणं वेगळं. थकलेल्या बिलापायी मीटर काढून नेलं असेल, तर ‘होय’ लिहून चालत नाही.

शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचा घोळ सगळ्यांत मोठा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत मुलांना २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, असा तक्ता आहे. समजा एका केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, दोन शाळा आहेत. एकीत २० मुलं आणि २ शिक्षक, दुसरीत १०० मुलं आणि २ शिक्षक. केंद्राची सरासरी १२० भागिले ४, म्हणजे ३०. कागदावर झकास. पण दुसऱ्या शाळेला ४ शिक्षक हवे होते. तिथं एकेका शिक्षकाकडे ५० मुलं आणि अडीच इयत्ता. म्हणून सरासरी प्रमाण विचारू नका. किती शाळा निकष पूर्ण करतात, ते विचारा.

तोरणमाळ
पांझरा भाऊंनी सुविधांचं सांगितलं. आमच्या भागात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, खरा प्रश्न मुलांच्या नोंदीचा आहे.

२०२२-२३ पासून यू-डायसमध्ये मुलांची नुसती संख्या चालत नाही, प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद लागते. प्रत्येकाला कायम शैक्षणिक क्रमांक असतो. वर्षाच्या सुरुवातीला जुन्या इयत्तेतून नव्या इयत्तेत ‘प्रोग्रेशन’ करायचं, आणि शाळा सोडून गेलेल्या मुलाचं नाव पोर्टलवर आपल्या यादीतून मोकळं करायचं. नवीन शाळेने त्याला आपल्या लॉगिनमध्ये ओढून घ्यायचं. तोवर ते मूल ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडून राहतं. वर्ष संपेपर्यंत कुणी ओढलं नाही, तर त्याची मोजणी गळतीत.

दोन ठिकाणी हे हमखास अडतं. एक, आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा पहिली ते चौथीच्या आहेत. देशपातळीवर प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंतचा. म्हणजे टप्पा संपायच्या आतच मुलाला शाळा बदलावी लागते. पाड्यावरचं पोर चौथी पास होऊन आश्रमशाळेत पाचवीला बसलेलं असतं, रोज दोन वेळा जेवतं, हजेरीपटावर नाव आहे, पण पोर्टलवर कुणी ओढलं नाही म्हणून ते गळालेलं. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे आणि पाड्यावरची शाळा जिल्हा परिषदेकडे. दोन खात्यांच्या मध्ये हे नाव लटकतं.

दुसरं ऊसतोड. दिवाळीनंतर कुटुंबं गुजरातकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. मूल तिकडे शाळेत बसलं तरी जन्मतारीख किंवा नावाचं स्पेलिंग जुळत नसल्याने तिकडची शाळा त्याला नवीन मूल म्हणून दाखल करते. इकडे ते गळालेलं दिसतं, तिकडे नवं आलेलं. निघण्यापूर्वी शिक्षण हमी कार्डावर कायम शैक्षणिक क्रमांक, आधारवर आहे तशीच जन्मतारीख आणि इंग्रजी स्पेलिंग लिहून आईच्या हातात द्या. एका कार्डाला पाच मिनिटं लागतात.

नोंद दुरुस्त करायची तर क्रम असा ठेवा. आधी जनरल रजिस्टर आणि पोर्टलवरची यादी शेजारी ठेवून नावं जुळवा. ड्रॉपबॉक्समधल्या प्रत्येक नावासमोर ते मूल आज कुठे आहे ते पेन्सिलीने लिहा. मग त्या-त्या मुख्याध्यापकांना फोन करून ओढून घ्यायला लावा. शेवटी जी नावं उरतील तीच खरी शाळाबाह्य मुलं, आणि त्यांच्या घरी जायचं. क्रम उलटा केला तर दोन आठवडे अशा घरांच्या दारात जातात जिथलं पोर आधीच दुसऱ्या शाळेत शिकतंय.

अमळनेरकर
आता जिल्ह्याचा पीजीआय. एकूण ६०० गुण, ८३ निर्देशक, सहा गट. निष्पत्तीला २९०, परिणामकारक वर्ग-आंतरक्रियेला ९०, पायाभूत सुविधा व मुलांच्या हक्काच्या गोष्टींना ५१, शाळा सुरक्षा व बाल संरक्षणाला ३५, डिजिटल शिक्षणाला ५०, प्रशासन प्रक्रियेला ८४. टक्केवारीनुसार दहा पायऱ्या: ९० च्या वर ‘दक्ष’, मग उत्कर्ष, अतिउत्तम, उत्तम, प्रचेष्टा १ ते ३ आणि आकांक्षी १ ते ३.

या वाटणीकडे नीट पाहा. निष्पत्तीला जवळजवळ निम्मे गुण. त्यात मुलांची संपादणूक, पटावर येणं-टिकणं, शिक्षकांची उपलब्धता आणि प्रशिक्षण येतं. पायाभूत सुविधांना जेमतेम साडेआठ टक्के. म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या भिंती रंगवल्या तरी पायरी फारशी हलणार नाही. गिरणाकाठ भाऊंचा मूळ प्रश्न इथं सुटतो: शाळेच्या ‘अ’ मध्ये भौतिक सुविधा भरीव असतात, जिल्ह्याच्या गुणांत त्या थोड्या.

एक मोठी अडचण मात्र मला खटकते. संपादणुकीचे गुण सर्वेक्षणातून येतात आणि सर्वेक्षण दरवर्षी होत नाही. २०१८-१९, २०१९-२० आणि २०२०-२१ या तिन्ही वर्षांच्या प्रतवारीत संपादणुकीचा आकडा २०१७ च्याच सर्वेक्षणाचा होता. त्या काळात जिल्हा वर गेला किंवा खाली आला असेल, तर तो बाकीच्या नोंदींमुळे. ‘मुलं जास्त शिकली’ असा अर्थ त्यातून काढता येत नाही. बातमी वाचताना कोणत्या वर्षाचं सर्वेक्षण वापरलं आहे ते शोधा.

सातपुडा_पायथा
नंदुरबारला वेगळं मापही लागू आहे. आकांक्षित (केंद्राने विकासासाठी निवडलेला मागास) जिल्हा म्हणून तिथं निती आयोगाच्या निर्देशकांवर मोजणी होते आणि त्यात शिक्षणाचा वाटा ३० टक्के. त्या आकड्याची पीजीआयशी सरमिसळ करू नका. दोन्हींचे निर्देशक आणि कालावधी वेगळे आहेत.

गिरणाकाठ
मग ‘माझी शाळा, सुंदर शाळा’चं बक्षीस? तेही लोक गुणवत्ता म्हणूनच सांगतात.

पांझरा_धुळे
ती स्पर्धा आहे, ठरावीक मुदतीची. दुसऱ्या टप्प्यात १५० गुण होते: पायाभूत सुविधा ३३, शासनाच्या ध्येयधोरणांची अंमलबजावणी ७४, शैक्षणिक संपादणूक ४३. शाळेने मनापासून मेहनत केली तर परसबाग उभी राहते, वाचनकोपरा लागतो, आणि ते मुलांच्या कामाचं आहे. पण १५० पैकी ४३ गुणच शिकण्याचे, हे पालकांना माहीत हवं. शिवाय केंद्र, तालुका, जिल्हा असं वर जाताना तुलना भाग घेतलेल्या शाळांशीच होते.

नव्या धोरणातून आलेली गुणवत्ता आश्वासन चौकटही आता सुरू झाली आहे, ज्यात १२८ मानकं आणि प्रत्येकाला चार स्तर आहेत. स्तरासोबत पुरावा जोडावा लागतो. इथं सल्ला एवढाच, की पुरावा त्याच महिन्यात जमवा. वर्षअखेरीस एका दिवशी काढलेल्या शंभर फोटोंत मुलांचे तेच कपडे आणि फळ्यावर तीच तारीख दिसते. तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं आणि खरं केलेलं कामही संशयात सापडतं.

शहादा_ताई
छोट्या शाळांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण यावरून शिक्षकांवर अन्याय होतो.

चौथीत १२ मुलं आहेत. वाचन येणारी ७, म्हणजे ५८ टक्के. पुढच्या वर्षी दुसरी १२ मुलं, वाचन येणारी ८, म्हणजे ६७ टक्के. नऊ टक्क्यांची उडी दिसते, पण फरक एका मुलाचा आहे. त्या दिवशी एक पोर कापूस वेचायला गेलं असेल तरी आकडा हलतो. १२ मुलांच्या वर्गात एक मूल ८.३३ टक्के, ६० मुलांच्या वर्गात १.६७. म्हणून लहान शाळेचे टक्के कधी एका वर्षाचे वाचू नका. तीन वर्षांची मुलं एकत्र मोजा, ३६ पैकी किती, आणि टक्क्यांशेजारी मुलांची संख्या लिहाच.

भाषेचाही भाग आहे. पहिलीतल्या पोराला ‘तुझं घर कुठे आहे?’ विचारलं आणि ते ‘मना घर नदीजोडे शे’ म्हणालं, तर त्याला प्रश्न कळला, उत्तर बरोबर आहे, वाक्यही पूर्ण आहे. अहिराणी ओळखणारा निर्धारक ते लिहून घेईल, न ओळखणारा ‘प्रतिसाद नाही’ लिहील. भिली आणि पावरी बोलणाऱ्या मुलांचं तर याहून अवघड होतं. बाह्य मूल्यांकनाच्या दिवशी मुलांची बोली जाणणारं कुणी वर्गात असावं, अशी मागणी समितीने आधीच लेखी करावी.

अमळनेरकर
ताईंच्या मुद्द्यालाच धरून. अमेरिकेत २०१५ च्या शालेय कायद्यानुसार प्रत्येक राज्याला सरकारी शाळांची मोजणी करावी लागते. मुलं आज कुठे आहेत यासोबत बहुतेक राज्यं ‘वाढ’ही मोजतात, म्हणजे तेच मूल मागच्या वर्षीपेक्षा किती पुढे गेलं. शिवाय बऱ्याच राज्यांनी दीर्घ गैरहजेरी हा निर्देशक घेतला आहे. वर्षाच्या १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडवणारी मुलं किती, हे त्यात पाहतात.

आपल्याकडे हे गावपातळीवर विनाखर्च करता येतं. सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस, त्याचे १० टक्के २२. पहिली ते पाचवीला २०० दिवस, म्हणजे २०. हजेरीपटावरून २०-२२ च्या वर गैरहजर असलेल्या मुलांची यादी काढा. शाळेची ९० टक्के सरासरी हजेरी छान वाटते, पण ३० च्या वर्गात २७ मुलं रोज येतात आणि तीच तीन कधीच येत नाहीत, तरी सरासरी ९० च. यादीत ती तीन नावं उघडी दिसतात.

‘वाढ’ मोजायला नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आहेत. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि वर्षअखेरची संकलित चाचणी, त्याच मुलाची, शेजारी-शेजारी. दोन्हींचे पेपर वेगळे असल्याने गुणांची सरळ वजाबाकी करू नका. कोणत्या अध्ययन निष्पत्तीचे (मुलाला काय यायला हवं त्याचे) प्रश्न आधी सुटत नव्हते आणि आता सुटतात, ते पाहा. तपासणी वर्गशिक्षकच करतात, तेव्हा चार-पाच उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घेतल्या तर आकड्यावर भरवसा वाढतो.

गिरणाकाठ
बैठकीत मांडायला सोपं पडेल असं सांगा भो. पालकांना ८३ निर्देशक सांगून उपयोग नाही.

तोरणमाळ
चार कागद मागा, सगळे शाळेतच असतात. शाळासिद्धीचा क्षेत्रनिहाय तक्ता, वर्ष आणि स्वयं की बाह्य हे लिहिलेला. यू-डायसचं शाळेचं रिपोर्ट कार्ड, जे क्रमांक टाकून कुणालाही मोबाईलवर पाहता येतं. ड्रॉपबॉक्समधली नावं. आणि २० दिवसांच्या वर गैरहजर मुलांची यादी, नावं भिंतीवर न लावता.

मग रिपोर्ट कार्ड हातात घेऊन शाळेत एक फेरी मारा. तोट्या मोजा, दारांच्या कड्या लावून पाहा, नळ सोडून पाहा. जिथं कागद आणि डोळा जुळत नाही तिथं खूण करा आणि मुख्याध्यापकांना पुढच्या भरणीआधी दुरुस्त करायला सांगा. यू-डायसची पटाची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर, तेव्हा ही फेरी ऑगस्टमध्ये झाली पाहिजे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतातच, मुलींच्या स्वच्छतागृहाची पाहणी त्यांनी करावी.

शहादा_ताई
आणि फेरीत एका वर्गात दहा मिनिटं थांबा. तिसरीतल्या मुलाला त्याच्याच पुस्तकातला, अजून न शिकवलेला परिच्छेद वाचायला द्या. शिकवलेला धडा पोरं पाठ म्हणतात, बोट दुसऱ्याच ओळीवर असतं.

गिरणाकाठ
हे जमण्यासारखं आहे. ऑगस्टच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत फेरी आणि ड्रॉपबॉक्सची यादी हे दोन विषय घालतो. यू-डायस क्रमांक सूचनेच्या कागदावरच लिहितो, म्हणजे पालक घरूनच रिपोर्ट कार्ड पाहून येतील.